कानावाचून वाणी

गोदाकाठच्या या नाशकात वेदोच्चार पिढ्यान्‌पिढ्या कानांनीच शिकविले गेले. ज्याला ऐकूच येत नाही, त्याने काय करावे? त्याला मुका म्हणून आपण मोकळे होतो. कंठ बहुधा धड असतो! अशा मुलांसाठी मुंबईत १८८५ साली बिशप लिओ म्यूरिन यांनी शाळा काढली. त्याआधीच, १८८० साली, मिलानच्या परिषदेने वाणीपुढे खुणांची भाषा त्याज्य ठरविली होती. तो अन्यायच, व्हँकुव्हरच्या परिषदेने २०१० साली त्याबद्दल खेद व्यक्त केला. वाचोपचारतज्ज्ञ घडविणारी संस्था म्हैसूरला १९६५ साली निघाली, मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ साली. या तज्ज्ञाची चिकाटी पाहावी. ‘प’ आणि ‘ब’ ओठांवर सारखेच दिसतात. म्हणून मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवून ‘ब’चा कंप तो जाणवून देतो, पुनःपुन्हा.