भयकथेची जागा: किल्ल्यापासून घराच्या दारापर्यंत

इंग्रजी भयकथा किल्ल्यात जन्मली. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळते आणि ऐन लग्नाच्या दिवशी राजपुत्र त्याखाली चिरडून मरतो. वाचक दचकतो, पण भीती मुरायला अवधीच मिळत नाही. तो अवधी अ‍ॅन रॅडक्लिफने दिला. १७९४ च्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ची नायिका डोंगरातल्या एका किल्ल्यात अडकते; तिथल्या काळ्या पडद्यामागे तिने काय पाहिले, हे वाचकाला कादंबरी संपत येईपर्यंत कळत नाही. एडगर अ‍ॅलन पोने १८३९ मध्ये ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’मध्ये हा ताण एका बैठकीत वाचून होईल एवढ्या कथेत बसवला. अशरांच्या वाड्यावरची छपरापासून तळ्यापर्यंत उतरलेली बारीक भेग सुरुवातीलाच दिसते आणि अखेरीस तिथूनच वाडा दुभंगतो.

पण किल्ला आणि पडका वाडा वाचकापासून दूर होते. पुस्तक मिटले की सुटका होई. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज याच्या १९०२ च्या ‘द मंकीज पॉ’ या कथेने ही सुटका बंद केली. लंडनच्या वॉपिंग या गोदीच्या वस्तीत जन्मलेल्या, टपाल खात्याच्या बचत बँकेत कारकुनी केलेल्या जेकब्जने कथेसाठी निवडले ते साधे मध्यमवर्गीय घर. बाहेर पाऊस, आत शेकोटी, बाप-लेक बुद्धिबळ खेळताहेत, आई विणकाम करते आहे. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेला एक सार्जंट-मेजर फकिराने मंतरलेला माकडाचा पंजा घेऊन येतो. गूढ म्हटले की ते हिंदुस्थानातून आणायचे, ही त्या काळच्या इंग्रजी कथांची सवयच होती आणि कथेतला हाच भाग सर्वांत उसना वाटतो. खरे बळ आहे ते घरात.

पंजा तीन इच्छा पुरवतो. पहिली इच्छा घराचे उरलेले कर्ज फेडण्यासाठी दोनशे पौंडांची. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यातल्या यंत्रात सापडून मरतो आणि तेवढीच रक्कम भरपाई म्हणून घरी येते. काही रात्रींनी आईच्या हट्टापायी बाप तो परत यावा म्हणून दुसरी इच्छा मागतो. इथून पुढे जेकब्ज विलक्षण सावकाश चालतो. मेणबत्ती विझते. बाप जिन्याशी पोहोचतो तोच हातातली काडी विझते आणि दारावर थाप पडते. आई धावत खाली जाते; साखळी खुळखुळते, खालची कडी निघते, पण वरच्या कडीला हात पुरत नाही. ती खुर्ची ओढते. इकडे बाप अंधारात जमिनीवर पंजा चाचपडतो आहे. प्रेताची काय दशा झाली होती हे त्याला ठाऊक आहे आणि वाचकालाही, म्हणून दाराबाहेर कोण उभे आहे ते दाखवण्याची गरजच उरत नाही. पंजा सापडताच बाप तिसरी इच्छा मागतो आणि थापा थांबतात. दार उघडते तेव्हा रस्ता रिकामा असतो.

पुढच्याच वर्षी लुई एन. पार्करने या कथेची एकांकिका केली. १९११ मध्ये एम. आर. जेम्सने आपल्या दुसऱ्या भूतकथासंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिले की, भूतकथेचे स्थळ वाचकाच्या परिचयाचे असावे आणि पात्रे रोज भेटणाऱ्या माणसांसारखी. जेकब्जने ते आधीच करून दाखवले होते.