सेवेची वर्षे आणि सेवेचा दिवस

धार आणि देवास ही माळव्यातील दोन मराठी संस्थाने म्हणजे मुळात दीर्घ सेवेची पारितोषिकेच होत. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजीअप्पांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पाडाव केला, तेव्हा उदाजी पवार त्या फौजेत होते. १७३२ साली माळव्याची वाटणी झाली, तीत शिंदे-होळकरांबरोबर पवारांनाही वाटा मिळाला. आनंदराव पवारांकडे धार गेले. तुकोजी व जिवाजी या बंधूंकडे देवास आले आणि एकाच गावात थोरली व धाकटी अशा दोन पात्यांच्या दोन गाद्या नांदू लागल्या. त्या काळी सेवेचे माप सरंजामात होत असे आणि त्याचा दाखला सनदेत व दफ्तरात राही.

पुढे इंग्रजांचा अंमल आला आणि सरंजामाच्या जागी पदक आले. १८५७ साली धारच्या किल्ल्यात दरबारच्याच पगारी शिबंदीने उठाव केला. ऑक्टोबर महिन्यात इंग्रजी फौजेने किल्ल्यास वेढा घातला. तो पडल्यावर संस्थान खालसा झाले आणि १८६० मध्ये परत मिळाले. धारजवळच्या अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांस १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फाशी देण्यात आली. त्याच वर्षी उठाव मोडणाऱ्या शिपायांसाठी इंग्रज सरकारने पदक काढले. एका बाजूस पदक, दुसऱ्या बाजूस फास. यात नवल नाही; पदक राज्यकर्ता देतो, आणि राज्यकर्त्याच्या हजेरीपटावर ज्याचे नाव आहे त्यालाच देतो. मुक्तीसाठी लढणाऱ्याचे नाव फार तर पोलिसांच्या कागदावर असते. मग तेच लोक उद्या विजयी झाले, तर त्यांच्या सेवेची मोजदाद कोणत्या मापाने करावयाची? आम्ही विचारासाठी घेतला आहे तो प्रश्न हाच.

याचे उत्तर शोधण्यास माळव्याहून गोमंतकाच्या सीमेवर यावे लागते, आणि तो रस्ता माळव्याच्याच माणसांनी आखून ठेवला आहे. उज्जयिनीच्या महाकाल मंदिरातील पुरोहितांच्या घराण्यात जन्मलेले नारायण बळवंत उर्फ राजाभाऊ महाकाल यांनी देवास जिल्ह्यातील सोनकच्छ भागात संघाचे प्रचारक म्हणून काम केले होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी ते सत्याग्रहींच्या तुकडीत गोव्याच्या सीमेवर उभे होते. हाती तिरंगा, शस्त्र कोणतेही नाही. पोर्तुगीज सैनिकांच्या गोळीने त्यांचा प्राण घेतला. सागरच्या सहोद्राबाई राय यांनाही त्याच दिवशी गोळ्या लागल्या. त्या वाचल्या व १९५७ साली लोकसभेत निवडून गेल्या. पंजाबातील कर्नैलसिंग पत्रादेवीस धारातीर्थी पडले.

आता दुसरे टोक पाहावे. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात शिक्षक म्हणून राहिले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. त्यांस २६ वर्षांची शिक्षा झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात तसेच राहिले. सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. ज्या भूमीसाठी शिक्षा झाली, ती मुक्त झाल्यावरही सात वर्षे त्यांनी कैद भोगली. यास दीर्घ सेवा म्हणू नये, तर कशास म्हणावे?

आमच्या सैन्यात ९, २० व ३० वर्षांच्या सेवेची पदके आहेत. गोव्याच्या मोहिमेतील सैनिकांच्या सेवापदकास ‘गोवा १९६१’ ही पट्टीही लाभली. ते योग्यच झाले. सत्याग्रहींसाठी मात्र वेगळे माप आले. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात ताम्रपट देण्यात आले व केंद्राची निवृत्तिवेतनाची योजना सुरू झाली. १९८० मध्ये ती अधिक उदार करण्यात आली. तिचा मुख्य निकष सहा महिन्यांच्या कारावासाचा. हुतात्म्यांचे वारस, भूमिगत, कायमचे अपंग झालेले यांची वेगळी सोय आहे. पण १९५५ च्या सत्याग्रहींपैकी बहुतेकांना पोर्तुगीजांनी तुरुंगात ठेवलेच नाही. बेदम मारून त्यांस सीमेबाहेर लोटण्यात आले. डोके फुटले, परंतु सहा महिने भरले नाहीत. कैदेत न ठेवण्याची परक्या सत्तेची युक्ती आमच्याच नियमात त्या माणसाच्या विरुद्ध पुरावा होऊन बसली.

ही अडचण आमच्या एकट्यांची नव्हे. दक्षिण आफ्रिकेत १९६१ साली स्थापन झालेली ‘उम्खोंतो वी सिझवे’ ही मुक्तिसेना १९९४ नंतर राष्ट्रीय सैन्यात विलीन झाली. १९९६ मध्ये तिच्या सैनिकांसाठी १०, २० व ३० वर्षांच्या सेवेची कांस्य, रौप्य व सुवर्ण पदके निघाली. अरण्यात व परदेशी काढलेली वर्षे नियमित सैनिकाच्या वर्षांच्या तोडीची धरण्यात आली. मात्र विलीनीकरणासाठी आधी प्रमाणित नामावली तयार करावी लागली. ज्याचे नाव यादीत नाही, त्याची सेवा सिद्ध करणे तेथेही कठीणच.

आमच्या न्यायालयांनी या बाबतीत शासनापेक्षा अधिक मोकळी दृष्टी दाखविली आहे. हैदराबाद संस्थानातील आर्यसमाजाच्या सत्याग्रहींच्या प्रकरणात, मुकुंदलाल भंडारी यांच्या अर्जावर, १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ उशिरा आला म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही. २००१ मध्ये गुरदयालसिंग यांच्या प्रकरणात ते पुढे गेले: येथे फौजदारी खटल्याप्रमाणे काटेकोर पुरावा मागू नये, संभाव्यता पाहून निर्णय द्यावा. २००३ साली केंद्राने निकष शिथिल करून, राज्याचे निवृत्तिवेतन आधीपासून घेत असलेल्या गोवा सत्याग्रहींस आपल्या योजनेत घेतले. सत्याग्रहाला तोवर अठ्ठेचाळीस वर्षे लोटली होती. राज्याच्या यादीतही ज्यांचे नाव नव्हते, ते तेव्हाही बाहेरच राहिले.

आमच्या मते, वर्षांचे माप टाकाऊ नाही. रानडे यांच्यासारख्यांचा मान त्यानेच ठरतो. परंतु ते एकमेव माप होऊ नये. ज्याने एका सकाळी आपले सर्व आयुष्य पणाला लावले, त्याच्या सेवेला वर्षे नसतात, दिवस असतो. आणि त्या दिवसाची साक्ष देणारा कागद असावा लागतो.

देवस्थानच्या महाजनांच्या नोंदवहीत नाव असणे आणि नसणे यांत किती अंतर आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आपण ज्या निष्ठेने जपली, त्याच निष्ठेने सीमेवर गेलेल्या आपापल्या गावच्या माणसांची नावे जपावीत. कोण कोणत्या तुकडीत होता, कोणत्या वाटेने गेला, कोणाबरोबर परतला, कोणत्या घराने त्यास रात्री आसरा दिला, हे जुन्या पत्रांतून व घरच्या आठवणींतून गोळा करून देवस्थानच्या वहीत उतरवावे आणि त्याखाली सांगणाऱ्याची सही घ्यावी. माळव्यापासून गोमंतकापर्यंत हे काम एकाच वेळी झाले पाहिजे, कारण माणसे तिकडून आली आणि पडली इकडे. प्रत्यक्ष पाहिलेले सांगणारे आता फार थोडे उरले आहेत. त्यांची जबानी प्रथम घ्यावी.