उगमाशी झालेला करार

नगरांच्या इतिहासात राजवाड्यांची, बाजारपेठांची आणि लढायांची नोंद होते. परंतु नगराला पाणी कोठून मिळाले आणि ते निर्मळ राखण्याचा भार कोणी वाहिला, ही नोंद बहुधा राहून जाते. न्यूयॉर्क शहराच्या पाण्याची कथा या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे.

1842 साली या शहराने क्रोटन नदीचे पाणी कालव्याने आणले. लोकवस्ती वाढली, तसे तेही अपुरे पडू लागले. तेव्हा शहराची दृष्टी उत्तरेकडील कॅट्‌स्किल डोंगरांकडे वळली. 1905 च्या कायद्याने तेथील जमिनी सक्तीने घेण्याचा अधिकार शहराला मिळाला. अशोकान जलाशयासाठी सुमारे दोन हजार माणसांना घरेदारे सोडावी लागली. स्मशानांतील थडगीसुद्धा हलवावी लागली. मोबदल्याचे दावे वर्षानुवर्षे चालले. 1915 साली शहराला कॅट्‌स्किलचे पाणी मिळाले. डोंगरातल्या माणसाच्या मनात मात्र कटुता राहिली. पुढे डेलावेअर नदीच्या खोऱ्यातही जलाशय झाले आणि शहराचे पाणी सव्वाशे मैलांपर्यंतच्या अंतरावरून येऊ लागले.

या पाणलोटात दुभत्या गाईंवर गुजराण करणारे शेतकरी राहात होते. गोठ्यातील शेण आणि शेतातील खत पावसाबरोबर ओढ्यात उतरे. त्यातील स्फुरदामुळे जलाशयात शेवाळ माजते. लहान वासरांच्या शेणातून तर असे सूक्ष्म रोगजंतू येतात की, ते क्लोरिनलाही सहजी दाद देत नाहीत. शेण हे शेतकऱ्याचे धन खरे. पण तेच ओढ्यात गेले म्हणजे दुसऱ्याच्या घागरीतले विष ठरते.

1989 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने नियम केला, की नद्या व जलाशय यांचे पाणी गाळूनच पुरवावे. उगमाचे संरक्षण पुरेसे आहे असे सिद्ध झाले, तरच सवलत मिळावी. एवढ्या मोठ्या शहरासाठी गाळणी-केंद्र उभारावयाचे, तर सहा ते आठ अब्ज डॉलर खर्च येईल, असा अंदाज होता. तो टाळण्यासाठी शहराने 1990 साली पाणलोटातील शेतीवर निर्बंध घालणारा मसुदा पुढे केला. शेतकरी खवळले. पूर्वी आमची गावे घेतलीत, आता आमची शेतीही घेणार काय, असा त्यांचा रोख होता.

येथे इतिहासाची पुनरावृत्ती व्हावयाची. पण ती झाली नाही. शहराच्या पर्यावरण खात्याचे तत्कालीन आयुक्त अल्बर्ट ॲपल्टन यांनी शेतकऱ्यांशी बोलणी सुरू केली. त्यांतून निघालेली योजना साधी होती. प्रत्येक शेताची स्वतंत्र पाहणी करावी. शेणखत साठविण्याची सोय, वासरांसाठी निराळा गोठा, ओढ्याला कुंपण, काठावर गवताचा व झाडांचा पट्टा, यांपैकी जेथे जे हवे ते करावे. आणि खर्च शहराने सोसावा. कोणाही एका शेतकऱ्यावर सक्ती नव्हती. मात्र पाच वर्षांत शेकडा 85 शेतकरी सामील झाले पाहिजेत, अशी अट होती. योजना चालविण्यासाठी 1993 साली शेतकऱ्यांच्या पुढाकाराने एक परिषद स्थापन झाली. मुदतीच्या आतच अटीहून अधिक शेतकरी सामील झाले.

जानेवारी 1997 मध्ये शहर, राज्य, केंद्र आणि पाणलोटातील गावे यांचा विस्तृत करार झाला. त्यातील एक कलम विशेष बोलके आहे. संरक्षणासाठी शहराने जमीन घ्यावयाची, ती स्वखुशीने विकणाऱ्याकडूनच. 1905 साली जी सक्ती कायद्याने मिळाली होती, ती येथे शहराने आपण होऊन सोडली.

हा करार म्हणजे जादू नव्हे. क्रोटनचे पाणी अखेर गाळावेच लागले. त्याचे केंद्र 2015 साली सुरू झाले. तथापि शहराच्या पाण्याचा बहुतांश भाग पुरविणारे कॅट्‌स्किल व डेलावेअरचे पाणी जंतुनाशन करून, परंतु न गाळता, आजही लक्षावधी लोक पितात.

आपल्याकडे प्रश्नाचे रूप निराळे आहे. न्यूयॉर्कमध्ये शेत एकाचे आणि पाणी पिणारा दुसरा. आपल्या खेड्यांत बहुधा दोघे एकच असतात. अवाजवी रासायनिक खत आणि विहिरीच्या काठावरचा उकिरडा यांतील नायट्रेट झिरपत पाण्यात उतरते. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि उकळल्यानेही जात नाही. एका लिटरमध्ये 45 मिलिग्रॅमपर्यंत, ही आपल्या देशातील मर्यादा आहे. ती ओलांडली गेली, म्हणजे सर्वांत मोठा धोका असतो तो वरच्या दुधावरच्या तान्ह्या मुलाला.

म्हणून खताची मात्रा माती तपासून ठरवावी आणि उकिरडा विहिरीपासून दूर न्यावा. आणि जी नगरे खेड्यांच्या शिवारातून आलेले पाणी पितात, त्यांनी पाण्याबरोबर त्याच्या राखणदाराचीही आठवण ठेवावी. नुसत्या हुकमाने नव्हे, तर खर्चाचा वाटा उचलून. उगमाजवळच्या माणसाला परका मानून उगम निर्मळ राहात नाही, हेच या इतिहासाचे सार आहे.