ई-मेलमधील चित्रफीत : पाठवावी कशी?

पैठणीचा पदर कसा विणला जातो, हे चार परिच्छेद लिहून सांगण्यापेक्षा अर्ध्या मिनिटात दाखवणे सोपे. त्यामुळे ई-मेलद्वारे जाहिरात करणाऱ्या व्यावसायिकाला चित्रफितीचा मोह पडतो, यात नवल नाही. अडचण पुढेच आहे. जीमेलवरून पाठवायच्या जोडफायलींना २५ एमबीची मर्यादा आहे. शिवाय ई-मेलमधून जाताना फाइल अक्षररूपात बदलली जाते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. अनोळखी व्यक्तीची एवढी जड फाइल उघडणार तरी कोण?

मग ती पत्राच्या मजकुरातच बसवली तर? ॲपलच्या मेलमध्ये अशी चित्रफीत चालते; जीमेलमध्ये चालत नाही. मायक्रोसॉफ्टने तर २००७ च्या आउटलुकपासून विंडोजवर पत्र दाखवण्याचे काम 'वर्ड'च्या यंत्रणेकडे सोपवले. वर्ड हे मुळात कागदपत्रे तयार करण्याचे साधन. त्याच्याकडून चित्रपटगृहाची अपेक्षा करणे व्यर्थच!

म्हणून रूढ झालेला मार्ग साधा आहे. चित्रफितीतील एक स्थिरचित्र घ्यावे, त्यावर 'प्ले'चा त्रिकोण काढावा आणि त्याला दुवा जोडावा. टिचकी मारताच संकेतस्थळावरील नेमके तेच पान उघडावे. मुखपृष्ठावर नेऊन वाचकाला शोधायला लावू नये. चित्र निवडताना मात्र घाई नको. पहिली चौकट बहुधा काळी किंवा बोधचिन्हाची असते. त्याऐवजी मागावर चालणारा हात अधिक बोलका ठरतो. अनेकांकडे चित्रे आपोआप दिसत नाहीत, त्यामुळे खाली शब्दांतही दुवा द्यावा. हलणारे 'जीआयएफ' वापरायचे असल्यास सारा आशय पहिल्याच चौकटीत हवा, कारण आउटलुकच्या २००७ ते २०१६ या आवृत्त्या तेवढीच दाखवतात.

क्रोम २०१८ पासून आवाजासह आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींना सहसा अटकाव करतो. लोकलच्या गर्दीतला वाचकही आवाज बंदच ठेवतो. त्यामुळे पडद्यावर मराठी अक्षरे हवीतच.

परिणाम मोजताना 'किती जणांनी पत्र उघडले' या आकड्यावर विसंबू नये. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलची गोपनीयता सुविधा सुरू असल्यास चित्रे आधीच उतरवून घेतली जातात आणि न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे दिसते. मोजाव्यात त्या टिचक्या, आणि चित्रफीत कितपत पाहिली गेली ते. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे जीमेलधारकांना धाडणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासूनच्या नियमांनुसार प्रचारपत्रांत एका टिचकीत नाव वगळण्याची सोय द्यावी लागते. ती सोय चित्राखाली लपवू नये. नाव वगळता न आलेला वाचक पत्र सरळ 'स्पॅम' ठरवतो आणि पुढची पत्रे इतरांपर्यंत पोहोचणेही अवघड होते.