घागरींची रांग

लहानपणी रेणापुरात सप्ताहाच्या माईकवरून महाराजांनी ‘रामकृष्ण हरी’ म्हटलं, की ‘हरी’ दोन-तीनदा ऐकू यायचं. आम्हा पोरांना वाटायचं, लांबून कुणीतरी उत्तर देतंय. ते काम मामाच्या एको मशीनचं होतं. मंडप-माईकचा त्याचा धंदा. तीन वर्षांपूर्वी ते मशीन बंद पडलं. मामाने ते उघडलं, बोर्ड तपासला आणि म्हणाला, “आयसी उडालीय. आता नाही मिळत ती.”

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे दहा वर्षांपूर्वीचा कोड एका कमांडवर परत येतो. त्यामुळे ‘मिळत नाही’ हे मला पटेना. आयसीवरचा नंबर होता एमएन ३२०७. त्याच्या मागे लागलो आणि थेट गिटारवाल्यांच्या दुनियेत पोचलो.

या आयसीचं मूळ १९६९ सालचं. फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या सँगस्टर आणि तेर या दोघांनी एक साधी युक्ती मांडली. आवाजाचा विद्युतभार एका कपॅसिटरमध्ये भरायचा आणि घड्याळाच्या ठोक्यावर पुढच्याला द्यायचा. विहिरीपासून घरापर्यंत माणसं उभी करून हातोहात घागरी सरकवाव्यात, तसं. नावही तेच पडलं, ‘बकेट ब्रिगेड’. रांग जेवढी लांब, तेवढा आवाज उशिरा बाहेर पडतो. हा उशीर म्हणजेच एको.

जपानच्या मात्सुशिताने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, या आयसी बाजारात आणल्या. एमएन ३२०७ मध्ये १०२४ टप्पे, तर गिटारवाल्यांच्या लाडक्या एमएन ३००५ मध्ये ४०९६. दर ठोक्याला घागर दोन टप्पे पुढे जाते. सेकंदाला १०,००० ठोके दिले, तर आवाज २०४.८ मिलिसेकंद उशिरा येतो.

पण हात बदलताना थोडं पाणी सांडतंच. म्हणून प्रत्येक पुनरावृत्ती जरा मऊ, जरा धूसर होत जाते. इंजिनिअरांच्या लेखी हा दोष होता. डिजिटल मेमरी स्वस्त झाली आणि या आयसींचं उत्पादन थांबलं. कॅराओके आणि माईकच्या मशीनमध्ये तैवानच्या प्रिन्स्टन कंपनीची पीटी २३९९ आली. ती आवाजाचे आकडे करून ४४ किलोबिटच्या मेमरीत ठेवते.

गिटारवाल्यांना मात्र तो धूसरपणाच हवा होता. बॉस कंपनीचं डीएम-२ पेडल १९८१ साली आलं आणि काही वर्षांत बंदही झालं. २०१४ मध्ये कंपनीला ते डीएम-२डब्ल्यू या नावाने परत आणावं लागलं. पण पेडल परत आणायचं, तर आयसीही हवी. बेहरिंगरच्या समूहातल्या कूलऑडिओने व्ही ३२०५ आणि व्ही ३२०७ बनवल्या. एक्सवाइव्हने एमएन ३००५ नव्याने घडवली.

हे अवघड का? डेटाशीट तर कुणालाही मिळते. पण ताटात काय वाढायचं एवढंच तिच्यात असतं, फोडणी कशी द्यायची ते नसतं. सिलिकॉनवरचा थर किती जाड, अशुद्धी किती मिसळायची, हे सगळं त्या कारखान्याच्या हातात असतं. उणे १५ व्होल्टवर चालणारी एमएन ३००५ जुन्या धाटणीची. कारखाने केव्हाच पुढे गेलेत. कोडची कॉपी होते. घडवण्याची रीत मात्र लाइन बंद झाली की हळूहळू विसरली जाते.

या टंचाईवर खोटा मालही पोसला जातो. मी ऑनलाइन चार ‘जुन्या, अस्सल’ आयसी मागवल्या. मामाने थिनरचा बोळा फिरवला, तर दोघींवरचा नंबर पुसला गेला. वरचा भाग घासून नवा नंबर छापलेला!

शेवटी व्ही ३२०७ मागवली. पाय त्याच जागी, सॉकेटमध्ये बरोबर बसली. मशीन सुरू केलं, तर आवाज फाटलेला. मला वाटलं, ही पण गेली. मामाने बोर्डवरचा छोटा प्रीसेट स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवला, कान लावला, परत फिरवला. प्रत्येक आयसीला बायस व्होल्टेज थोडं वेगळं लागतं आणि ते जुळवून घ्यावं लागतं. मग तो माईकमध्ये म्हणाला, “हरी.”

हरी… हरी… हरी…

अमेरिका-युरोपातल्या गिटारवाल्यांनी हट्ट धरला, म्हणून ही आयसी पुन्हा बनली. त्यांना आमचा सप्ताह माहीत नाही, मामाला त्यांची गाणी माहीत नाहीत. त्याने झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि उरलेली एक जादा आयसी कापसात गुंडाळून डब्यात ठेवली.