लाल विंचू आणि रक्तदाबाची गोळी

बालाघाटच्या रांगांत, पाटोदा-आष्टीकडच्या माळरानावर, दगड उचलण्याआधी तो पायाने किंवा काठीने हलवून पाहण्याची सवय जुन्या माणसांना असते. मोठा काळा विंचू दिसला की आरडाओरडा होतो. पण जीव घेणारा वेगळाच. तो अंगाने लहान आणि तांबूस असतो. नाथांनी विंचवाचे भारूड रचले त्या पैठणपासून बीडची हद्द फार लांब नाही. भारुडातल्या विंचवाला उतारा होता. या लाल विंचवाला मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खात्रीचा उतारा नव्हता. मांत्रिक होते, चुना होता, आणि दवाखाना असलाच तर तिथे ॲट्रोपिन, मॉर्फिन होते. आज आपल्याला माहीत आहे की त्यांनी अपायच अधिक होई.

१९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले, हिंमतराव बावस्कर. जन्म मराठवाड्यातला, जालना जिल्ह्यातल्या देहेडचा. कोकणात विंचूदंशाचे रोगी येत. घामाने चिंब, हातपाय थंडगार. मग धाप, तोंडाला गुलाबी फेस आणि मृत्यू. गंभीर रोग्यांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी ठेवल्या. विषाने नेमके काय होते, कोणत्या क्रमाने होते, हे त्यांना पाहायचे होते. १९८२ साली त्या नोंदी 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. तालुक्याच्या गावात मोठी प्रयोगशाळा नव्हती. नाडी, रक्तदाबमापक आणि वही एवढ्यावरच हे काम झाले, ही गोष्ट मला त्या लेखाइतकीच महत्त्वाची वाटते.

विषाची तऱ्हा अशी. ते मज्जातंतूंमधली सोडियमची दारे उघडी ठेवते. शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी भरते. एवढे कळले की पुढचा तर्क सरळ आहे. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध हवे. ते रक्तदाबाच्या रोग्यांसाठी आधीपासून बाजारात होते, प्राझोसिन. गोळी स्वस्त, तोंडाने द्यायची. त्यावरचा लेख हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याने १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच लिहिला. ही गोळी वेळेवर देऊ लागल्यावर मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरले.

पुढे घोड्यांच्या रक्तापासून विंचूविषावरची प्रतिलसही तयार झाली. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये महाडची चाचणी आली. त्यात ७० रोगी होते. नुसत्या प्राझोसिनवर दहा तासांत ३५ पैकी ८ पूर्ण बरे झाले. जोडीला प्रतिलस दिल्यावर ३५ पैकी ३२.

इथे विषावर औषध सापडले. विषातून औषध निघण्याची वाट निराळी आहे. ब्राझीलमध्ये जराराका सापाच्या विषावर काम करताना सर्जिओ फेरेरा यांना १९६५ मध्ये रक्तदाब उतरवण्याशी संबंधित पेप्टाइडांचा माग लागला. त्यांच्या धर्तीवर स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ऑन्डेट्टी यांनी कॅप्टोप्रिल बनवले. अमेरिकेत त्याला १९८१ मध्ये मान्यता मिळाली. हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतल्या द्रव्यावरून मधुमेहाचे एक्झेनाटाइड आले, ते २००५ साली.

आणि आपला लाल विंचू? १९९० साली त्याच्याच विषातून आयबेरिओटॉक्सिन वेगळे करण्यात आले. ३७ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी पेशींतल्या पोटॅशियमच्या एका विशिष्ट दाराला बूच लावते, आणि ते इतके अचूक की त्या दारांचा अभ्यास करणारे शरीरशास्त्रज्ञ जगभर ते हत्यारासारखे वापरतात. रुग्णाला देण्याजोगे औषध ते नव्हे. मात्र रक्तवाहिन्या आणि स्नायू कसे सैलावतात हे समजून घेताना त्याची गरज पडते.

म्हणजे माळावरच्या दगडाखालचा विंचू परदेशी प्रयोगशाळेत बाटलीबंद मोलाची वस्तू झाला. दंश मात्र होतो तो पाचटात हात घालणाऱ्याला, भिंतीच्या कपारीतून सरपण काढणाऱ्या बाईला. अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे. पण वाडीवस्तीवरून तिथवरचा रस्ता कापताना पहिले काही तास हातचे जातात, आणि प्राझोसिनची गोळी लागते ती नेमकी त्याच तासांत.