न विचारता पाडलेला उजेड

शाळेचा वार्षिक फोटो निघाला की निम्म्या मुलांचे डोळे मिटलेले असतात. गेल्या वर्षी एका मुलीने मला विचारले, "सर, आधी न सांगता का हो उजेड पाडतात?" प्रश्न पोरकट खरा, पण त्याने मला सव्वाशे वर्षांहून मागे नेले.

१८८७ साली जर्मनीत मिएथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या पुडीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून एक दारू तयार केली. ती पेटवली की डोळे दिपवणारा लखलखाट होई आणि मागोमाग पांढऱ्या धुराचा लोट उठे. ही बातमी न्यूयॉर्कमधल्या जेकब रीस या वार्ताहराने वाचली. तिथल्या गरीब वस्तीत माणसे कशी कोंबलेली राहतात हे तो लिहीत होता. पण लिहिण्याने कोणी हलत नव्हते. आता अंधार दाखवता येणार होता.

आरंभी ही दारू पिस्तुलासारख्या यंत्रातून उडवावी लागे. मध्यरात्री पिस्तूलधारी परके पाहून भाडेकरू खिडक्यांतून पळत. म्हणून रीसने साधा तवा घेतला आणि त्यावर पूड पेटवू लागला. एकदा पाच आंधळ्यांचा फोटो घेताना माळ्यावरच्या भिंतीवरील कागदांना आग लागली. त्या पाचांना त्याचा पत्ताही नव्हता! रीसने एकट्याने ती कशीबशी विझवली. १८९० मध्ये त्याचे पुस्तक निघाले. पुढे मलबेरी बेंडची ती बदनाम वस्ती पाडली गेली आणि १८९७ मध्ये तेथे बाग झाली. उजेडाचे हे पुण्य मान्य केलेच पाहिजे.

१९३० च्या सुमारास काचेचा बल्ब आला. आत ॲल्युमिनियमचा वर्ख आणि प्राणवायू. ना धूर, ना भडका. वार्ताहरांच्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याला बॅटरीची नळी आणि तिच्यावर हा बल्ब बसवीत. बल्ब पूर्ण तेजाला येण्यास सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागे, म्हणून शटर किंचित मागाहून उघडावे लागे. एका फोटोला एक बल्ब; जळालेला तापलेला बल्ब काढायचा, नवा बसवायचा.

न्यूयॉर्कच्या रात्री वीजी नावाचा छायाचित्रकार हाच कॅमेरा घेऊन खून आणि आगी टिपत हिंडे. १९४० च्या दशकात त्याने चित्रपटगृहांतल्या काळोखात अवरक्त प्रकाशाने प्रेक्षकांचे फोटो घेतले. तो उजेड कोणाच्या डोळ्यांना दिसतच नव्हता. रीसच्या माळ्यावर आंधळ्यांना जे कळले नाही, ते इथे डोळसांनाही कळले नाही. फरक एवढाच, की रीसच्या फोटोंनी बाग झाली. विचारले मात्र दोघांनीही नाही.

यंदा मी फोटोवाल्याला "एक, दोन, तीन" म्हणायला लावले. तरी पुष्कळ डोळे मिटलेच. ती मुलगी मात्र थेट भिंगाकडे बघत होती.